आधीचा असा नव्हता

मी कार्ब्युरेटर बोलतोय. चार नंबरच्या गाडीचा. दुसरा.

'दुसरा' हे मी आपणहून सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर इथलं कुणीतरी सांगणारच, आणि वर एक सुस्कारा टाकणार. तो सुस्कारा मला सहन होत नाही. माझ्या स्वभावात मत्सर आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही पोटात दुखलं असतं. आधी ऐकून तर घ्या.

चार नंबर म्हणजे चार जाड टायरांची, घोड्यासारखी मांड टाकून बसायची उघडी गाडी. मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमच्या वाडीत अशा अकरा गाड्या आहेत. पाहुणे येतात, हेल्मेट चढवतात, आणि आमचे लोक त्यांना काळ्या वाळूतून, दोन ओढे ओलांडून, लाव्ह्याच्या भिंतीपर्यंत नेऊन आणतात. प्रत्येक गाडीचा मालक वेगळा, पण रांग एकच. ज्याचा नंबर येईल त्यानं पाहुणा न्यायचा. रांगेतली जागा गेली की मग त्या गाडीवर कोंबड्या बसतात.

चार नंबर लुडिंगची. नाव लुडिविना, पण पूर्ण नाव फक्त पाद्री घेतात. इकडे थोरल्या बहिणीला मनाय म्हणतात, म्हणून बाकी सगळ्यांची ती मनाय लुडिंग. अकराही गाड्यांची दुरुस्ती तीच करते. बांबूच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची तिची शेड आहे. डोक्यावर गवती टोपी, आणि टोपीच्या पट्ट्यात गुंडाळून ठेवलेली गिटारची सर्वांत बारीक तार. जेटची, म्हणजे पेट्रोल ज्यातून निघतं त्या तोटीची, भोकं साफ करायला त्या तारेसारखं दुसरं काही नाही, असं ती म्हणते. गाडी तिच्या नवऱ्यानं, तेम्योंगनं घेतली होती. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मागे राहिली ही गाडी, त्याची गिटार आणि रांगेतली चौथी जागा. लुडिंगचा संसार त्या जागेवर चालतो.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. टाकीतून उतरलेलं पेट्रोल माझ्या पोटातल्या वाटीत येतं. वाटीत एक हलका फ्लोट तरंगतो. पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट वर येतो आणि त्याच्यावरची टोकदार नीडल पेट्रोलची वाट बंद करते. त्या पेट्रोलात हवा मिसळून मी इंजिनाला घोट घोट पाजतो. माझ्या कुशीला पितळेची एक बारीक नळी आहे. वाटीतली हवा तिच्यातूनच आतबाहेर होते, म्हणजे मी श्वास तिथूनच घेतो. नीडलनं वाट नीट बंद केली नाही तर वाटी भरून वाहते, आणि मग त्याच तोंडानं मी पेट्रोल ओकतो. इंजिन गुदमरतं, प्लग भिजतो, गाडी बंद पडते. त्या पितळी तोंडावर रबराची लांब नळी असावी लागते, म्हणजे राख आणि ओढ्याचं पाणी आत जात नाही. माझी रबरी नळी येतानाच हरवली होती.

मी जन्मलो जपानात. तिथं एका शेतकऱ्याच्या गाडीवर चौदा वर्षं इमानानं राबलो. त्यानं नवी गाडी घेतली आणि मला भंगारात दिलं. जहाजातून, चारशे इंजिनांच्या ढिगात, मी इथल्या लेगास्पी शहराच्या बाजारात आलो. दुकानदारानं मला एका टोपलीत टाकलं होतं. त्या टोपलीतून क्रिसांतोनं मला उचललं, कानाशी धरून हलवलं, आणि दुकानदाराला म्हणाला, "हा चालेल ना हो? माझ्या हातून एक मोडलाय."

क्रिसांतो चार नंबर चालवतो. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, लग्न न झालेला गडी. तेम्योंग गेल्यावर लुडिंगनं त्याला गाडीवर घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सांगितलं की कार्ब्युरेटरचे नट जरा आवळ. त्यानं असे आवळले की कार्ब्युरेटरचा, नट बसतो तो, कानच तुटला. तो पहिला कार्ब्युरेटर. तेम्योंगच्या वेळचा. लुडिंगनं तो तुटका कार्ब्युरेटर त्याच्या रबरी नळीसकट धुतला, पुसला, तेम्योंगच्या रुमालात गुंडाळला आणि शेडमधल्या फळीवर बाळयेशूच्या शेजारी ठेवून दिला. तिथं रात्रंदिवस एक लाल बल्ब जळतो.

म्हणजे बघा. मी चिखलात, राखेत, तापलेल्या इंजिनाला चिकटून दिवसभर राबायचं, आणि तो मोडका रुमालात झोपून देवाशेजारी मान घ्यायचा. दर शुक्रवारी ती त्याच्यावरची धूळ पुसते. माझ्यावरची राख पावसानं धुतली तर धुतली.

आणि त्याला रक्त लागलेलं होतं.

इथली रीत आहे. नवी गाडी घरी आली की कोंबडा कापतात. त्याचं रक्त चाकांना लावतात, इंजिनाला लावतात, म्हणजे ती गाडी पुढं कुणाचं रक्त मागत नाही. मग त्याच कोंबड्याचा आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून रस्सा करतात आणि सगळे मिळून जेवतात. चार नंबरला तेम्योंगनं स्वतःच्या हातानं रक्त लावलं होतं. इंजिनाच्या अंगावर त्याच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा अजून आहे. वर वार्निश मारून तो जपलेला आहे. त्या ठशाच्या चार बोटं वर मी बसतो. चाकांना रक्त लागलेलं, इंजिनाला लागलेलं, फळीवरच्या त्या साहेबांना लागलेलं. मी तेवढा कोरडा. घरात सगळे सख्खे आणि मी एकटा सावत्र.

मी पहिल्याच महिन्यात ओकलो.

लुडिंगनं स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं माझ्या वाटीवर दोन टकटक केल्या. अडकलेली नीडल कधीकधी त्यानं सुटते. सुटली नाही. तिनं मला उतरवलं, वाटी उघडली. टाकीतल्या गंजाचा एक कण नीडलखाली बसला होता. तो काढताना ती पुटपुटली, "आधीचा असा नव्हता."

ते शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तिनं पेट्रोलच्या पाइपात जाळी बसवली. तरी दोन महिन्यांनी मी पुन्हा ओकलो. या वेळी तिनं फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. मग फ्लोटची उंची पाहिली. मी दुसऱ्या जातीच्या गाडीचा, माझा फ्लोट इथल्या मानानं जरा वर बसायचा. तिनं त्याची पितळी जीभ केसभर वाकवली. हात किती हलका! माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं हाताळलं नव्हतं. मी सुखावलो होतो, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "आधीच्याला नऊ वर्षांत कधी हात लावावा लागला नाही."

नऊ वर्षांत एकदाही नाही म्हणे. माझा तिळपापड झाला. तुमच्याकडे म्हणतात ना, मेल्या म्हशीला मणभर दूध. जो जातो तो सद्गुणांचा पुतळा होतो, आणि जो राहतो त्याचं थेंबभर पेट्रोल सांडलं तरी दिसतं.

हे दुःख मला एकट्यालाच होतं असं नाही. क्रिसांतोलाही होतं. तो रोज सकाळी शेडमध्ये येताना काहीतरी आणायचा. कधी उकडलेलं कणीस, कधी अळूच्या पानांची नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी, केळीच्या पानात बांधून. ते बाकावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मनाय, जेवून घ्या." लुडिंग म्हणायची, "ठेव." मग तो माझ्याकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचं, हा माझी काळजी करतोय. नंतर कळलं, त्याला दुसरीकडे बघायचा धीर होत नव्हता.

वाडीतल्या कुणापासून हे लपलेलं नव्हतं. जोड्या लावून चिडवण्यात इथल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्यात सर्वांत पुढे लोलो आंबो. लोलो म्हणजे आजोबा. एक नंबरची गाडी त्यांची आणि रांगेचे प्रमुखही तेच. एकदा सगळे शेडबाहेर बसून एकाच पेल्यातून पाळीपाळीनं पीत होते. पेला क्रिसांतोकडे आला तेव्हा लोलो म्हणाले, "अरे क्रिसांतो, तू आधी तिला मनाय म्हणणं सोड. जिला ताई म्हणतोस तिच्याशी लग्न लावायला पाद्री तयार होईल का?"

सगळे हसले. क्रिसांतो कानापर्यंत लाल झाला.

"मोठी आहे ती माझ्याहून," तो म्हणाला.

"किती?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांत माझा नातू नीट चालायलाही शिकला नाही," लोलो म्हणाले. "पी आणि पेला पुढं दे."

लुडिंग आत मला घासत होती. तिनं सगळं ऐकलं. ब्रश क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. फळीकडे मात्र तिनं एकदा पाहिलं. मला तिथंही आडवा तोच आला.

अशी तीन वर्षं गेली आणि मग तो बुधवार आला. गाडीवर क्रिसांतो आणि मागे एक पाहुणीबाई. दुसऱ्या ओढ्याच्या मधोमध मी भरून वाहिलो. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बाईला मांडीएवढ्या पाण्यातून क्रिसांतोच्या पाठीवर बसून काठाला यावं लागलं. महिन्यात हे दुसऱ्यांदा झालं होतं. संध्याकाळी लोलो आंबो शेडमध्ये आले, टोपी काढून बसले. ते टोपी काढतात तेव्हा बातमी वाईट असते.

"लुडिंग, बाळा, मला बोलावंसं वाटत नाही. पण बाकीचे नऊजण कुरकुर करतायत. पाहुणे घाबरले तर सगळ्यांचंच पोट जातं."

"मला माहीत आहे, लोलो."

"रविवारी मी पुढं असेन. चार नंबरनं दुपारची घंटा व्हायच्या आत भिंतीपर्यंत जाऊन खाली यायचं. मध्ये बंद पडली तर चौथी जागा पाचव्याला जाईल."

"आणि चार नंबर?"

"शेतावर वापर. नारळ वाहायला." त्यांनी फळीकडे पाहिलं. "तेम्योंग असता तर ही वेळ आली नसती."

लुडिंगनं मान हलवली. क्रिसांतो दारात उभा होता. त्याचा चेहरा आणि माझं पोट, दोन्ही तेव्हा काठोकाठ भरलं होतं.

लोलो जाताना त्याच्याजवळ थांबले. "खरं सांगू का, दोष कुणाचाच नाही. त्या नव्या भांड्याला रक्त लागलेलं नाही. परक्या घरात आणलं आणि रीतभात केली नाही, तर ते नांदेल कसं?"

मी ऐकत होतो. इतक्या दिवसांत माझ्या मनातलं बोलणारं कुणीतरी भेटलं होतं.

शुक्रवारी लुडिंगनं मला पुन्हा उघडलं. कण नव्हता. फ्लोट ठीक होता. मग तिनं माझी नीडल बोटात धरली आणि तिच्या टोकावरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. नख एका जागी अडलं. चौदा अधिक तीन वर्षं त्याच जागी टेकून टेकून टोकाला एक बारीक कडं पडलं होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, नखालाच कळलं. "अस्सं," ती म्हणाली. तिनं डबा धुंडाळून दुसरी नीडल काढली, बसवली, मला उलटसुलट करून पाहिलं. एक थेंब गळला नाही.

म्हणजे शुक्रवारीच मी बरा झालो होतो. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण आधी गाजावाजा करण्याचा तिचा स्वभाव नाही. मला सांगता येत नाही. आणि खरं बोलायचं तर, सांगता आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. मला बरं व्हायचं नव्हतं. मला रक्त हवं होतं.

शनिवारी लुडिंग सामान आणायला बाजारात गेली आणि क्रिसांतो शेडमध्ये आला. काखेत पुती होता. पुती म्हणजे त्याचा पांढरा झुंजीचा कोंबडा, तीन झुंजी जिंकलेला. त्याला तो स्वतःच्या हातानं मका भरवायचा आणि रोज पहाटे पाय चोळून द्यायचा. वाडीत लोक म्हणायचे, क्रिसांतोचं लग्न पुतीशी झालंय.

लोलो आंबो मागोमाग आले आणि पाहून थबकले. "हा? अरे, बाजारातून एखादा गावठी आणायचास."

"मोडलेला साधा नव्हता," क्रिसांतो म्हणाला. "तेम्योंगचा होता. मग देताना साधा कसा देऊ?"

लोलोंनी वाडगा पुढं धरला. क्रिसांतोनं पुतीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे केलं. मी पुढचं सांगत नाही.

मग तो माझ्यासमोर बसला. अंगठा वाडग्यात बुडवला. "कुठं लावू?"

"जिथून ओकतो तिथंच लाव," लोलो म्हणाले. "रोग असेल तिथं औषध."

आणि क्रिसांतोनं माझ्या पितळी तोंडावर अंगठा ठेवला आणि दाबला. एकदा नाही, तीनदा. दर वेळी नवं रक्त घेऊन. त्या घटकेला मी फळीकडे पाहिलं आणि मनात म्हणालो, घे. तुला लागलं ते कुठल्यातरी गावठी कोंबड्याचं. मला पुतीचं लागलं.

क्रिसांतोनं गाडी सुरू करून पाहिली. पेट्रोल गळलं नाही. "थांबला, लोलो! बघा, एक थेंब नाही!" तो माणूस ओरडत नाही, पण तेव्हा ओरडला.

संध्याकाळी लुडिंग परत आली. दारात पांढरी पिसं, चुलीवर रस्सा, आणि माझ्या कुशीला वाळलेलं रक्त. तिनं लांबूनच पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"कुणी लावलं?"

"मी, मनाय," क्रिसांतो म्हणाला.

"ते तेम्योंगचं काम होतं." एवढंच बोलून ती आत गेली. रस्सा तिनं खाल्ला नाही. झुंजीच्या कोंबड्याचं मांस वातड असतं म्हणून इतरांनीही फारसा खाल्ला नाही. क्रिसांतो शेडच्या पायरीवर ताटली घेऊन बराच वेळ बसला होता आणि त्यानं घास तोंडापर्यंत नेला नाही. लुडिंग रोज निजण्याआधी मला एकदा डोळ्याखालून घालते. त्या दिवशी रागाच्या भरात तिनं घातलं नाही.

रविवारी देवळातली मिस्सा आटोपून निघालो. पुढं लोलो आंबो, मागे आम्ही. क्रिसांतो हँडलवर, लुडिंग त्याच्या पाठीशी, दोघांत एक वीतभर अंतर. पहिला ओढा पार झाला. दुसराही पार झाला. मी मस्तीत होतो. मग चढण लागली, काळी राख उडायला लागली, आणि माझा श्वास जड झाला.

काय होतंय ते मला आधी समजलंच नाही. पितळी तोंडात रक्त आतपर्यंत गेलं होतं. त्यावर राख बसली आणि पक्कं बूच तयार झालं. बाहेरची हवा आत येईना, आतली बाहेर जाईना. इंजिन तापलं तशी कोंडलेली हवा फुगली आणि वाटीतल्या पेट्रोलला दाबायला लागली. बाहेर ओकायची वाट बंद. मग ते सगळं पेट्रोल जेटमधून वर चढलं आणि थेट इंजिनात शिरलं. गाडीनं काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि भर चढणीत बंद पडली.

क्रिसांतोनं ब्रेक दाबून धरला. लुडिंगनं उतरून चाकांमागे दगड लावले. लोलोंची गाडी वळणाआड गेली होती. खाली वाडी दिसत होती, तिथल्या देवळाची घंटा अजून झाली नव्हती, पण ऊन डोक्यावर येत चाललं होतं.

क्रिसांतो खाली बसला. "मी पुन्हा घालवलं," तो म्हणाला. "तेम्योंगचा मोडला मी. आता त्याची जागापण मीच घालवली."

"कॉक बंद कर," लुडिंग म्हणाली.

त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला. तिनं प्लग काढला. चिंब. ऑइलची काडी काढून हुंगली, तिथंही पेट्रोलचा वास येत होता. मला उतरवून माझी वाटी उघडली. नीडल पाहिली, फ्लोट पाहिला, सगळं शुक्रवारी होतं तसंच. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं तोंड खाली आणून माझ्या पितळी तोंडात फुंकर मारली.

हवा गेली नाही.

तिनं पुन्हा फुंकली. मग टोपी काढली, पट्ट्यातली तार सोडवली आणि आत घातली. फिरवली, ओढली. एक तपकिरी खपली तिच्या तळहातावर पडली.

"इथं अंगठा किती वेळा दाबलास?"

"तीन वेळा."

"किती जोरात?"

क्रिसांतोनं मान खाली घातली. "मनापासून."

लुडिंगच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. तेम्योंग गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं. ती दगडावर टेकली आणि डोळे पुसत पुसत हसली.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको. तेम्योंगनंही इथंच दाबलं होतं."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी. आणि मग दर वर्षी, त्याच तारखेला. कोंबडा कापायचा, अंगठा बुडवायचा आणि नळी काढून नेमका इथंच दाबायचा. दुसऱ्या दिवशी गाडी बंद. मग तो आंघोळीला गेला की मी ही तार घालायची. नऊ वर्षं त्यानं अंगठा दाबला आणि नऊ वर्षं मी तार घातली. सगळ्या वाडीला सांगत हिंडायचा, रक्तानं गाडीला जीव आलाय."

"पण तुम्ही तर म्हणायचात, आधीचा कधी…"

"म्हणायचे." तिनं तार बाहीला पुसली. "मेलेल्या माणसाची तक्रार कशी करायची? म्हणून मग त्याच्या कार्ब्युरेटरचीपण केली नाही. अरे, आधीचा याच्यापेक्षा जास्त ओकायचा. तुला तोडायला सांगितलं नव्हतं, आवळायला सांगितलं होतं, हे खरं. पण त्याचा कान आधीच चिरलेला होता. तेम्योंगनंच आवळला होता."

मी वाटी उघडी पडलेला, तिथं राखेवर ठेवलेला होतो. तीन वर्षं ज्याच्या नावानं मी जळत होतो तो माझ्याचसारखा ओकारा होता. माझ्याहून जास्त. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याआधी का कोण जाणे, फार एकटं वाटलं. इतकी वर्षं मी ज्याच्याशी भांडत होतो तो कुणी नव्हताच.

क्रिसांतोनं त्या खपलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुतीचं रक्त फुकट गेलं म्हणायचं."

"नीडल मी शुक्रवारीच बदलली होती," लुडिंग म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर पुती वाचला असता. ही माझी चूक." मग प्लग त्याच्या हातात देत, "फुकट नाही गेलं. पूस तो प्लग. शर्टाला नको, फडक्याला पूस."

त्यानं प्लग पुसला. तिनं प्लग न लावता सात-आठ वेळा दोरी ओढायला लावली. इंजिनातलं साचलेलं पेट्रोल फवाऱ्यानं बाहेर आलं. मग प्लग लावला, मला बसवलं, नट आवळायला तिनं पाना त्याच्याकडेच दिला. "दोन बोटांनी," ती म्हणाली. त्यानं दोन बोटांनी आवळले.

तिसऱ्या ओढीला इंजिन धरलं.

लोलो आंबो परत खाली येत होते. सगळं पाहून त्यांनी विचारलं, काय झालं होतं. लुडिंगनं खपली दाखवली. लोलोंनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "बघा. रक्त लावलं म्हणून तर रोग सापडला."

आम्ही भिंतीपर्यंत गेलो आणि उतरलो. आम्ही शेवटचं वळण घेतलं तेव्हा देवळाची घंटा पडायला लागली होती. लोलोंनी गाडी थांबवून टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि म्हणाले की बंद पडताना गाडी आपण पाहिलेली नाही आणि घंटा अजून संपलेली नाही, म्हणजे वेळेत आहे. चौथी जागा राहिली. उतारावर दोघांतलं वीतभर अंतर मला दिसलं नाही. कदाचित खड्ड्यांमुळे असेल.

शेडमध्ये आल्यावर क्रिसांतो दारात उभा राहिला. "मी जातो मग," तो म्हणाला आणि अडखळला. "लुडिंग."

मनाय म्हटलं नाही. बाहेर लोलो होते, त्यांनी ऐकलं असणार, पण त्या माणसानं प्रथमच तोंड बंद ठेवलं.

"कॉफी पिऊन जा," ती म्हणाली. तिनं कपाटातून जाड निळा मग काढला. तो तीन वर्षं उपडा पडून होता. तो कुणाचा ते मी सांगायला नको. क्रिसांतोनं तो दोन्ही हातांनी धरला. त्याच्या अंगठ्याच्या नखात अजून लाल होतं.

मग ती फळीपाशी गेली. रुमाल सोडला. मला वाटलं, झालं, शुक्रवार नसताना पुसणार त्याला. तिनं त्याची रबरी नळी सावकाश ओढून काढली, धुतली, फुंकून पाहिली आणि माझ्या पितळी तोंडावर चढवली. नेमकी बसली. माझ्या अंगावरचं पुतीचं रक्त मात्र तिनं पुसलं नाही. त्यावर तिनं वार्निशचा एक हात फिरवला.

हे होऊन आता दोन वर्षं झाली. मी चार नंबरवरच आहे. ओकत नाही, असं म्हणणार नाही. म्हातारपण आहे, कधीतरी थेंब सुटतो. लुडिंग टकटक करते आणि म्हणते, "काय झालं रे तुला?" एवढंच. क्रिसांतो संध्याकाळी कॉक बंद करायला विसरत नाही, आणि त्याचं जेवण हल्ली शेडच्या पायरीवर होत नाही, आत होतं. दर वर्षी त्याच तारखेला कोंबडा कापतात. क्रिसांतो अंगठा बुडवतो आणि लुडिंग त्याचं मनगट धरून तो बाजूच्या लोखंडावर टेकवते.

मी आता सुधारलो असं समजू नका. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी दुसरा आला असेल, तर त्याच्यासमोर पहिल्याचं फार कौतुक करू नका, एवढीच विनंती. आणि केलंत तर सगळं सांगा, त्याचं ओकणंही सांगा. ते कळेपर्यंत मी तीन वर्षं फुकट जळलो.

तो फळीवर आहे अजून, लाल बल्बखाली, रुमालात. पण नळी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. मी त्याच्याच नळीतून श्वास घेतो. मला गाडीवरून उतरवून बाकावर ठेवतात तेव्हा आम्ही समोरासमोर येतो, आणि मला वाटतं, आता हा माझ्यावर जळत असेल का? जळत असला तर मला त्याची दया येते. आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटतं.